मोबाइल खिशात, माणूस समोर!

तुमच्या वर्गात असा एक जण असतोच. कुणाचा वाढदिवस जवळ आला की सगळे त्याच्याकडे धावतात. ‘भावा, हिचं एक स्केच काढून दे ना!’ मग तो व्हॉट्सअॅपवर फोटो मागवतो, त्यावर चौकोन पाडतो, कागदावर तेवढेच चौकोन आखतो आणि दोन रात्री जागून एकेक चौकोन भरत जातो. चित्र हुबेहूब उतरतं, फ्रेम होते, रील होते, लाइक्स येतात. कदाचित तो ‘एक जण’ म्हणजे तुम्हीच असाल.

असाल, तर आज एक प्रयोग करा. मोबाइल खिशात ठेवा. आईला, आजीला नाहीतर धाकट्या भावाला समोर बसवा. चौकोन नाहीत, पट्टी नाही, झूम नाही. फक्त अर्धा तास. बघा काय होतं ते. डोळे कपाळात जातात, नाक लांबतं, कान भलत्याच ठिकाणी उगवतो आणि शेवटी कागदावर जो चेहरा उतरतो तो आपल्या घरातला कुणीच नसतो. घाबरू नका. हे प्रत्येकाचं होतं. माझंही झालं, आणि जरा महागात पडलं.

बारावीला होतो तेव्हा गावात मला ‘आर्टिस्ट’ म्हणायचे. त्याच वर्षी आजोबा गेले. तेराव्याला ठेवायला फोटो हवा म्हणून घर पालथं घातलं, तर सापडला एकच. आधार कार्डावरचा. नखाएवढा, पुसट, कानाची कडा विरलेली. सगळे म्हणाले, ‘तू हाईस ना, तू काढ.’ मी तो मोठा करून घेतला, चौकोन पाडले, तीन दिवस घासून घासून शेडिंग केलं. चित्र भिंतीला लावलं. आजी बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘चांगलं हाये रे. पण हे ते न्हाईत. ते मान अशी कलती ठेवून बघायचे.’

मी अठरा वर्षं त्या माणसाच्या घरात वाढलो. त्यांच्या ताटात जेवलो. पण त्यांची मान कुठल्या बाजूला कलते हे मला सांगता आलं नसतं, कारण मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

फोटोत काय हरवतं?

आधी एक स्पष्ट करू. फोटोवरून काढणं हा काही गुन्हा नाही. त्यानं हात बसतो, पेन्सिलीवर ताबा येतो, चिकाटी येते. पण चेहरा समजत नाही. कारण फोटोत सगळे कठीण निर्णय कॅमेऱ्यानं आधीच घेऊन टाकलेले असतात. गोल चेहरा सपाट झालेला असतो, क्षण गोठलेला असतो, उजेड-अंधार कापून दिलेला असतो. तुम्ही फक्त उतरवून घेता.

त्यात मोबाइलचा फोटो खोटंही बोलतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सेल्फीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे तीस टक्के जास्त रुंद दिसतं, तर पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत हा फरक जवळजवळ उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण साधं आहे. कॅमेरा जवळ आला की नाक त्याच्या फार पुढे येतं आणि कान मागे पळतात. आता तुम्हीच सांगा, मैत्रिणीच्या सेल्फीवरून तुम्ही जे ‘हुबेहूब’ काढता, ते नेमकं कोणाचं असतं?

जिवंत माणूस समोर असला की सगळंच बदलतं. तो श्वास घेतो, हलतो, कंटाळतो, मध्येच हसतो. तुम्ही दोन डोळ्यांनी बघत असता, त्यामुळे नाक खरंच पुढे आहे आणि गाल खरंच मागे वळतोय हे कळतं. त्या हलत्या माणसातलं न हलणारं काय, हे तुम्हाला शोधावं लागतं. कलती मान, खांद्यांचा बाक, ओठ मिटायची पद्धत. माणूस ओळखू येतो तो यातून. पापण्यांचे केस मोजून नाही.

मॉडेल घरातच आहे

‘आमच्या जालन्यात कुठलं मॉडेल मिळणार?’ हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याच चित्रकारांनी देऊन ठेवलंय.

हातात समई घेतलेल्या, बोटांच्या फटीतून उजेड झिरपणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. कॅलेंडरवर, दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये. बरेच जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावळाराम हळदणकरांचं. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेला आपला मराठी चित्रकार. जलरंगातलं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि समई घेऊन उभी असलेली ती बाई कोण? हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता.

गोव्यात जन्मलेले ए. एक्स. त्रिनाद हे मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तयार झालेले मोठे व्यक्तिचित्रकार. त्यांनी आपल्या पत्नीला समोर बसवून चित्रं केली. आपल्या काळातले वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला. कशासाठी? पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. आणि हॉलंडचा रेम्ब्रांट? त्याला कुणीच मिळालं नाही तर तो आरशासमोर बसायचा. रंगचित्रं, रेखाटनं, छापचित्रं मिळून त्याची सुमारे ऐंशी आत्मचित्रं आहेत.

मुलगी, बायको, आरसा. यातलं काहीच बाहेरून आणावं लागत नाही. तुमच्याकडे तर आजी आहे, ओट्यावर बसून तूर निवडणारी. अर्धा तास एका जागी, मान खाली, उजेड एका बाजूनं. आर्ट कॉलेजात पैसे मोजूनही इतकं चांगलं मॉडेल मिळत नाही.

अजिंठा शेजारी आहे, हे विसरू नका

नकलेबद्दल बोललो म्हणून एक गोष्ट सांगतो. भोकरदनकडून निघालं की अजिंठा काही फार लांब नाही. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन त्या लेण्यांत येत आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करून घेत. त्या मुलांमध्ये पेस्तनजी बोमनजी नावाचा एक पारशी तरुण होता. त्यानं वर्षानुवर्षं अंधारात दिवे लावून दुसऱ्यांनी काढलेले चेहरे उतरवले. म्हणजे नक्कलच की! पण तो तिथे थांबला नाही. पुढे त्यानं आपल्या समाजातल्या जिवंत माणसांना समोर बसवलं आणि तो व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजला गेला.

नक्कल हातासाठी, माणूस डोळ्यासाठी. दोन्ही लागतं. आपण पहिल्याच पायरीवर बसून राहतो, अडचण तेवढीच आहे.

कुठे बसायचं?

घरच्यांची चार-पाच चित्रं झाली की बाहेर पडा. आपल्या जिल्ह्याइतके चेहरे कुठे मिळतील? फक्त जागा नीट निवडा. माणूस निदान पंधरा मिनिटं एका ठिकाणी थांबेल, अशी जागा हवी.

सगळ्यात भारी जागा म्हणजे कटिंगचं दुकान. खुर्चीतलं गिऱ्हाईक हलूच शकत नाही, हलला तर वस्तरा लागेल! आरशामुळे एकच चेहरा दोन बाजूंनी दिसतो. वर बाकावर नंबर लावून बसलेले चार जण फुकट. दुकानदार काकांना आधी विचारा, रविवारची गर्दी सोडून जा.

दुसरी जागा म्हणजे रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड. गाडी लेट असली की सगळे वैतागतात. तुम्ही खूश व्हा. तिसरी, मोसंबीचा आणि धान्याचा बाजार. माल उतरवून झाला की हमाल आणि शेतकरी पोत्याला टेकून बसतात, डोळ्यांवर टोपी ओढून. चौथी, गावातला पार. तिथली म्हातारी मंडळी रोज त्याच जागी, त्याच क्रमानं बसतात. काल चुकलं ते आज दुरुस्त करता येतं. नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर किंवा चतुर्थीला राजूरला जाल, तर दम खायला टेकलेले भाविक दिसतील. पण तिथे पाच मिनिटांची झटपट रेखाटनंच करा, रांगेत अडथळा नको.

आणि औद्योगिक वसाहतीच्या बाहेरच्या चहाच्या टपऱ्या. सळईच्या कारखान्यातली पाळी सुटली की भट्टीसमोरून आलेले चेहरे तिथे बसलेले असतात. त्यांच्यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही बरेच. त्या चेहऱ्यावर उष्णता, काजळी आणि थकवा एकत्र असतो. जालना स्टीलचं शहर आहे असं आपण अभिमानानं सांगतो. ते स्टील ज्यांच्या हातातून जातं त्यांचे चेहरे किती जणांनी काढलेत?

रस्त्यावरच्या माणसांना चित्रात आणायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच एकेचाळीस वर्षं राहून थेट संचालकपदापर्यंत पोहोचले. १९१२ मध्ये निघालेल्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी त्यांनी मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसं रेखाटली. एवढा मोठा चित्रकार, पण रस्त्यावरच्या माणसाकडे बघणं त्यानं कमी मानलं नाही.

विचारायचं कसं?

खरी भीती चित्राची नसते, विचारायची असते. ‘काका, तुमचं चित्र काढू का?’ एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. मी पहिल्यांदा पारावर वही उघडली तेव्हा एक आजोबा म्हणाले, ‘मह्या थोबाडात काय ठिवलंय? एखाद्या हिरोचं काढ की!’ मी म्हणालो, ‘हिरो पंधरा मिनिटं बसणार नाही, तुम्ही बसाल.’ ते हसले आणि टोपी नीट करून बसले. हे वाक्य तुम्हालाही वापरायला देऊन टाकतो.

काही गोष्टी मात्र पक्क्या पाळा. आधी विचारा, मग काढा. वेळ सांगा आणि तेवढ्याच वेळात थांबा. वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं सुट्टी द्या. पाय कुठे होते तिथे खडूनं खूण करून ठेवली की पुन्हा तसंच बसवता येतं. चहा पाजा. रोजंदारीवरच्या माणसाला कामाच्या वेळेत बसवत असाल, तर त्याच्या बुडालेल्या वेळेचे पैसे द्या, नाहीतर सुट्टीत जा. झालेलं चित्र आधी त्यालाच दाखवा, मग ते कितीही फसलेलं असो. आणि इन्स्टावर टाकायचं असेल तर ते वेगळं विचारा. ‘काढू का’ला दिलेला होकार ‘टाकू का’ला लागू होत नाही. कुणी नाही म्हटलं तर वही मिटा, राम राम करा, निघा.

मुलींना बाजारात एकटीनं वही घेऊन बसणं सोपं नाही, हे माहीत आहे. कुणी खांद्यावरून डोकावतं, कुणी उगाच शेरे मारतं. दोघी-तिघींचा गट करा. बचत गटाची बैठक, शिवणक्लास, हळदी-कुंकू, दळणाची रांग, ही सगळी चेहऱ्यांची खाण आहे आणि तिथे आम्हा मुलांना प्रवेशच नाही! तिथली चित्रं तुम्हीच काढू शकता.

वहीत नेमकं काय करायचं?

सामान साधं ठेवा. चित्रकलेची मोठी वही किंवा बोर्डला चिमटा लावून न्यूजप्रिंट कागद, टूबी आणि सिक्सबी पेन्सिल, कोळशाची कांडी, मऊ खोडरबर. बस्स. महागडा सेट घेतला की कागद खराब करायची भीती वाटते, आणि इथे तर कागद भरपूर खराब करायचे आहेत.

पहिल्यांदा डोळे काढायला धावू नका. आपली सगळ्यांची खोड तीच. डोळा छान उतरतो आणि मग लक्षात येतं की डोक्याला कागदावर जागाच उरली नाही. क्रम असा ठेवा.

एक, कल. डोकं कुठल्या बाजूला झुकलंय? मान खांद्यातून कशी निघते? दोन-तीन रेषांत एवढंच पकडा. माझ्या आजीला जे दिसलं आणि मला दिसलं नाही, ते हेच.

दोन, माप. हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून मोजा. हात वाकला की माप चुकलं. सरळ समोर बघणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, हे आरशात तपासा. आपल्याला कपाळ आणि केस ‘रिकामे’ वाटतात, म्हणून आपण डोळे वर ढकलतो. लहान मुलांचे डोळे मध्याच्याही खाली असतात. म्हाताऱ्या माणसाचे दात गेले की हनुवटी नाकाकडे सरकते, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो. नियम पाठ करा, पण समोरचा माणूस नियम मोडत असेल तर माणसाचं ऐका.

तीन, उजेड आणि सावली. डोळे किलकिले करा. बारीकसारीक सगळं नाहीसं होतं आणि दोनच आकार उरतात, एक उजळ आणि एक गडद. आधी सगळी सावली एकाच करड्या रंगानं भरा. इथेच माणूस ओळखू यायला लागतो, डोळ्यांत बुबुळं नसतानाही. दुरून चालत येणारा मित्र आपण नाक-डोळे दिसायच्या आधी ओळखतो ना? तसंच.

चार, सगळ्यात शेवटी नाक-डोळे-ओठ. डोळा म्हणजे बदाम नव्हे, खोबणीत बसवलेला गोळा. पापण्या त्यावर गुंडाळलेल्या. वरची पापणी डोळ्यावर सावली पाडते, म्हणून डोळ्याचा पांढरा भाग कधीच कागदाइतका पांढरा नसतो. शेतकऱ्याच्या डोक्यावरची टोपीही पांढरी नसते. उन्हातली बाजू पांढरी, सावलीतली निळसर करडी, आणि तिची सावली कपाळावर पडते. ती सावली काढली की टोपी डोक्यावर बसते; नाही काढली तर चिकटवल्यासारखी दिसते.

आणि घासू नका! बोटानं किंवा कापसानं चोळून गुळगुळीत केलेली कातडी मेणाच्या बाहुलीची दिसते. उन्हातान्हात राबलेला आपल्याकडचा माणूस गुळगुळीत नसतो.

आता एक गंमत करून बघा. आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि ओल्या साबणानं आरशावर आपल्या चेहऱ्याची कडा आखा. मग ती मोजा. बरोबर अर्धी भरते! कितीही मागे सरकलात तरी अर्धीच. इतकी वर्षं रोज आरसा बघितला, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं, हो ना? ‘बघणं’ शिकायचं म्हणजे काय, ते या एका प्रयोगात कळतं.

सावळा रंग डबीत मिळत नाही

पेन्सिल बसली की रंग. दुकानात ‘स्किन’ नावाची बाटली मिळते, ती घेऊ नका. तो गुलाबीसर रंग आपल्या शिवारात कुणाचाच नाही. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या नावानं एक चार रंगांची रीत प्रसिद्ध आहे. पांढरा, यलो ऑकर, शेंदरी लाल आणि काळा. एवढ्यावर पोर्ट्रेट होतं. आपल्या सावळ्या कांतीसाठी त्यात बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन निळा मिळवा.

आणि पुन्हा तेच, बघा. कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, दाढी केलेल्या पुरुषाची हनुवटी निळसर-हिरवट दिसते. सावळ्या कातडीवरची चमक पांढरी नसते. बाहेर बसलेल्या माणसाच्या कपाळावर चक्क आकाशाचा निळा उतरलेला असतो. घरात बसवत असाल तर उत्तरेकडची खिडकी बघा. तिथून येणारा उजेड फारसा हलत नाही. एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हाळ्यात जलरंग ब्रश उचलायच्या आत सुकतो, म्हणून तेव्हा सकाळी लवकर बसा किंवा उन्हाळाभर कोळशावरच काम करा. पावसाळ्यात उलट, रंग सुकायची वाट बघत बसावं लागतं. तेव्हा तेवढ्यात दुसरा कागद घ्या.

सहा महिन्यांचा हिशेब

क्लास नाही, सर नाहीत, तरी हे जमतं. पहिला महिना फक्त घरातली माणसं आणि आरसा, रोज वीस मिनिटं, फक्त कल आणि माप. दुसरा महिना दोनच रंगछटा, उजेड आणि सावली. तिसऱ्यात बाहेर पडा, पाच-पाच मिनिटांची रेखाटनं, एका बैठकीत दहा. ती पळती रेखाटनं मन मोकळं करतात. चौथ्यात उलट करा, एकाच माणसाला तीन-चार बैठका बसवा. पाचव्यात रंग. सहाव्यात पहिल्या महिन्यातल्याच माणसाला पुन्हा बसवा.

प्रत्येक कागदावर तारीख, ठिकाण आणि किती मिनिटं लागली ते लिहा. कागद फाडू नका, कितीही लाज वाटली तरी. सहाव्या महिन्यात पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवले की कुणी कौतुक करायची गरज उरत नाही. मधे एक काळ असा येतो की चित्रं आधीपेक्षा वाईट वाटायला लागतात. हात तोच असतो, डोळा पुढे गेलेला असतो, म्हणून चुका दिसायला लागतात. बहुतेक जण नेमके तिथेच वही मिटतात. तुम्ही मिटू नका.

पुढे काय?

‘यात करिअर आहे का?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा शाळेतच देऊन टाका. बारावीनंतर बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्रण, स्मरणचित्रण, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. स्मरणचित्रात बाजार, स्टँड, जत्रा अशी माणसांची गर्दी काढावी लागते, आणि ज्यानं वर्षभर पारावर वही उघडली आहे त्याची माणसं तिथे जिवंत होतात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आपल्यापासून साधारण साठ किलोमीटरवर आहे. मुंबईच्या जे. जे.चं दार त्याहून लांब, पण बंद नाही. चित्रकला शिक्षक, पुस्तकांची चित्रं, अॅनिमेशनमधली पात्रं, शिल्पकला, यातल्या प्रत्येक ठिकाणी माणूस काढता यावा लागतो.

पैशाचंही बोलू. फोटोचं ‘पेन्सिल स्केच’ आता मोबाइलमधलं अॅप एका सेकंदात करून देतं. जे काम यंत्र फुकट करतं त्यावर तुमचं घर किती दिवस चालेल? पण समोर बसून, गप्पा मारून, दोन तासांत माणूस उतरवणं यंत्राला येत नाही. ते ज्याला येतं त्याच्याकडे लोक थांबतात, बघतात आणि पैसेही देतात.

पण मला शेवटी सांगायचंय ते पैशाचं नाही.

आजोबांच्या त्या चित्रानंतर मी आजीला समोर बसवायला सुरुवात केली. पहिली दहा-बारा चित्रं बघून ती पदर तोंडाला लावून हसली. ‘ही कोण भूत काढलीस?’ पण बसता बसता ती बोलायला लागली. लग्नात किती वर्षांची होती, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेली होती, कपाळावरचा व्रण कशाचा. चित्र काढायला बसलो नसतो तर मी तिला हे कधी विचारलंच नसतं, आणि तिनं आपणहून सांगितलंही नसतं. साधारण तिसाव्या कागदावर तिनं बघितलं, हसली नाही, नुसती म्हणाली, ‘आता म्या दिसायले.’

ते चित्र काही फार चांगलं नाही. डावा कान मोठा झालाय, हात तर अर्धेच राहिलेत. पण मान बरोबर आहे.

आपल्या गावागावांत अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांचा आधार कार्डाशिवाय दुसरा फोटो नाही, आणि असला तरी त्यात ती नाहीत. ती आज ओट्यावर, पारावर, पोत्याला टेकून बसलेली आहेत. तुमच्याकडे पेन्सिल आहे. संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लावा, वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर जाऊन बसा. चित्र बिघडलं तर बिघडू द्या. उद्या पुन्हा बसता येईल. कायमच बसता येईल असं मात्र नाही.